बर्लिनमधल्या सगळ्या मदतगारांनो, मनापासून थँक्यू!
झालं बाबा एकदाचं आनमेल्डुंग (म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी)! नावं घेत नाही, ज्यांचं त्यांना कळेलच. जर्मनीत नव्या घरात राहायला गेलं की 2 आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्यासाठी नुसता भाडेकरार चालत नाही, घर देणाऱ्याच्या सहीचं वेगळं पत्र लागतं, आणि तेच आमचे घरमालक देईनात, नुसतं "बघू, करू" चाललेलं. ज्या ताईंनी सांगितलं की नोव्हेंबर 2015 पासून हे पत्र देणं कायद्यानेच बंधनकारक आहे आणि वर मालकांना गोड पण खमकी जर्मन मेल लिहून दिली, त्यांना साष्टांग नमस्कार. बर्लिनमधलं कुठलंही ब्युर्गरआम्ट (ही नोंदणी करणारं सरकारी ऑफिस) चालतं, सकाळी सकाळी कॅन्सल झालेले स्लॉट बघत बस म्हणणारे दादा, अपॉइंटमेंट तुमच्यामुळेच मिळाली (पार श्पांडाउला का होईना!). आणि खालच्या मजल्यावरच्या आजी, त्यांनी स्वतःहून लेटरबॉक्सवर आमचं आडनाव चिकटवलं. इथे पोस्टमन नाव बघूनच पत्र टाकतो ना, नाहीतर टॅक्स आयडीचं पत्र परतच गेलं असतं. आजींना काही हे वाचता येणार नाही, त्यांच्याकडे पुरणपोळ्या पोचवल्यात. आता बँक अकाउंटच्या मागे लागतो.