बाबा, कार्ड परत पाठवतेय

प्रिय आई-बाबा,

सलाम.

फोनवर हे जमणार नाही कारण बाबा तुम्ही दोन मिनिटांत "बरं, आईला देतो" म्हणून फोन सरकवता आणि आई लगेच जेवलीस का वर येते, म्हणून लिहितेय. पाकिटात तुमचं एटीएम कार्ड आहे. चिडू नका, आधी वाचा.

मागच्या रविवारी चर्चहून आल्यावर तुम्ही कपाटातून ते काढून माझ्या हातात दिलंत, वीजबिलाच्या मागे पिन लिहून, म्हणालात आता बँकेच्या पायऱ्या होत नाहीत गं, तूच बघ. मला तेव्हा काही बोलताच आलं नाही. 2023 मध्ये तुमच्या फंडाचे साडेतीन लाख, जे तुम्ही मला खोलीच्या डिपॉझिटसाठी दिले होते, ते मी शेअर बाजारातल्या ऑप्शनमध्ये, म्हणजे भाव वर जाणार की खाली यावर लावलेल्या पैजेत, घालवले, आणि त्याच हातात तुम्ही कार्ड ठेवलंत.

तेव्हा सगळं सांगितलं नव्हतं. अंधेरीच्या ऑफिसात मी बाथरूममध्ये जाऊन फोन बघायचे. तेव्हा निफ्टीची (शेअर बाजाराच्या निर्देशांकाची) एक्सपायरी, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायचा दिवस, गुरुवारी असायची, सकाळी तीस रुपयांना घेतलेला ऑप्शन दुपारी सत्तर व्हायचा, वाटायचं अजून थोडं थांबू, आणि साडेतीनला बाजार बंद होताना त्याची किंमत शून्य, मग तेच भरून काढायला पुढच्या गुरुवारी दुप्पट. सुरुवातीला अकरा हजार सुटले होते, त्यातूनच आईला ती मोरपंखी साडी घेतली होती, आई तू नाताळला अजून तीच नेसतेस आणि मला बघवत नाही. पुढे 2024 च्या सप्टेंबरात सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा, आकडा आला की तीन वर्षांत एफअँडओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या साध्या लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. मी तर स्वतःला उरलेल्या सातात धरून बसले होते, म्हणजे हुशारीही नाही, नुसता माज.

तुम्ही ओरडला नाहीत. आईने ताटात नेहमीसारखी दुसरी भाकरी वाढली. पण त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला तुम्ही बँकेत जाऊन पासबुक भरून आणायचात आणि माझ्यासमोर टेबलावर उघडं ठेवायचात, मला तेव्हा खूप लागायचं, वाटायचं पोरीवर एवढा अविश्वास. आता वाटतं त्या पासबुकानेच मला धरून ठेवलं.

लहानपणी "आम्हांस परीक्षेत आणू नको" म्हणताना मला वाटायचं ही शाळेची परीक्षा, सहामाहीच्या आधी तर मी ती ओळ जरा जोरातच म्हणायचे (संडेस्कूलमध्ये सगळीच पोरं म्हणायची). पण ती परीक्षा एकदा देऊन सुटणारी नाही. लूकमध्ये आहे ना, अरण्यात चाळीस दिवसांनी सैतान प्रभूला सोडून गेला, पण कायमचा नाही, संधी मिळेपर्यंत. प्रभूला जर असं, तर मी कोण. योसेफ मला म्हणूनच आवडतो, पोटीफराच्या बायकोशी वाद घालत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला. आणि एवढं करून तुरुंगातच गेला बिचारा, चांगलं वागला म्हणून लगेच कोणी विश्वास ठेवला नाही. मला मात्र पळायला एक वर्ष लागलं, आधी अ‍ॅप "नुसतं बघायला" ठेवलं होतं, मग शेअर्सचं डिमॅट खातंच बंद केलं.

आता खरी गोष्ट. परवा गुरुवारी क्लायंटकडून लवकर सुटले, पावणेतीनच्या लोकलमध्ये खिडकी मिळाली होती, दादर गेलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी मनात हिशोब करतेय, बाबांच्या खात्यात पेन्शन जमा झाली असेल, त्यातले वीस हजार घेतले तर सोमवारपर्यंत परत टाकता येतील. एक्सपायरी आता मंगळवारी झालीय, माझा गुरुवार अजून गेलेला नाही. कार्ड पर्समध्येच होतं. मी फक्त हिशोब केला, बाकी काही नाही, पण पूर्वीही सुरुवात हिशोबानेच झाली होती. माटुंगा आलं तेव्हा मी मोठ्याने "प्रभू" म्हणाले, समोरची बाई बघायला लागली.

म्हणून बाबा, एवढ्यात नको. पायऱ्यांचा प्रश्न आहे तर दर एक तारखेला शेजारच्या पाळकसाहेबांच्या मुलाला घेऊन जा, तो नाही म्हणणार नाही, आणि पासबुकाचा फोटो मला पाठवत जा, पूर्वी टेबलावर ठेवायचात तसा. फेडायचे एक लाख दहा हजार राहिलेत, ते दर महिन्याला येतायत, त्या फोटोत मलाही दिसतील.

आणि पिन बदलून घ्या, मला सांगू नका. तो मला पाठ झालाय.

आई, सुके बोंबील घेऊन ठेवलेत, येताना आणते.

तुमची,
बेबी