बाबा, तेवढं रक्त तपासून या

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

शेजारच्या मुलाला कावीळ झाली आणि झाडपाल्याचं औषध सुरू आहे, हे ऐकल्यापासून चैन नाही. यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिसच्या विषाणूंपैकी ए किंवा ईची कावीळ असेल तर ती बहुतेकदा आपली आपण उतरते आणि श्रेय मुळीला मिळतं. पण कुठली आहे, हे डोळ्यांचा पिवळेपणा बघून कळत नाही, रक्तच तपासावं लागतं. शिवाय काही काढे यकृतालाच बाधतात. आई, त्याच्या आईला तू सांग, तुझं ती ऐकेल. मुलगा गुंगीत गेला, बरळायला लागला, तर तडक बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात न्यायला सांग.

मला जास्त घोर वहिनीचा आहे. ई एरवी सौम्य, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरात 20 ते 25 जणी दगावू शकतात. पावसात आपली विहीर तुडुंब भरते आणि शौचालयाचा खड्डा आहे तिच्या वरच्या अंगाला. पाणी कितीही नितळ दिसू दे, फडक्याने गाळून विषाणू अडत नाही. तिला खळखळून उकळलेलंच द्या, चवथीला घर माणसांनी भरलं तरीसुद्धा. आणि तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या! त्या गढूळ पाणी गाळूनच जगतात, त्यातले विषाणू त्यांच्यात साठतात. तोंड उघडलं की तू लगेच उतरवतेस, तसं नको. उघडल्यावरही चांगल्या शिजू देत.

बाबा, आता तुमचं. 1986 च्या ऑपरेशनला तुम्हाला रक्त चढवलं होतं. रक्तातून पसरणारा हिपॅटायटिस सीचा विषाणू सापडलाच 1989 मध्ये, त्याआधी बाटलीतलं रक्त तपासणार कसं? सी वर्षानुवर्षं काही दुखू-खुपू न देता यकृत खात राहतो. 'मला काय झालंय' असं म्हणू नका, काही होत नाही म्हणूनच तो उशिरा कळतो. सापडला तर बहुतेकांना साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो पूर्ण जातो. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध सरकारी इस्पितळात फुकट आहे. बीचीही तपासणी सोबतच करा. त्यावर लस आहे, सीवर अजून नाही. वहिनीचा बीचा रिपोर्ट फाइलीत आहे का, तेही बघा. बाळाला पहिली लस जन्मल्यापासून 24 तासांत मिळायला हवी.

दादाला सोमवारी रजा आहे, तो गाडी काढेल. या तपासणीला उपाशी जावं लागत नाही, चहा-पाव खाऊन निघा.

तुमची,
बाय