मित्रास पत्र: टायबरच्या खोऱ्यातला आपला माणूस

प्रिय दोस्ता,

इटलीतल्या शाळेबरोबर आमचं नक्की काय चाललंय, असं तू विचारलं होतंस. फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

माणगावच्या तहसील कचेरीसमोरचा यशवंत घाडगे यांचा पुतळा तू पाहिला आहेस. याच तालुक्यातल्या पळसगाव-आंबेगावचे ते, इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या मराठा पलटणीत नाईक हुद्द्यावर होते. १० जुलै १९४४ रोजी, दुसऱ्या महायुद्धात, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मनांशी लढताना ते कामी आले. वय अवघं बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. आपण मुलांना एवढं सांगतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. २०२३ साली तिथल्या मोंतोने गावात त्यांचं सूर्यघड्याळाच्या रूपात स्मारक झालं. तेव्हापासून वाटत होतं, की तिकडे इतिहास शिकवणारं कोणीतरी गाठायला हवं. अखेर त्या भागातल्या एका शाळेतल्या बाई तयार झाल्या.

सणांचे आणि जेवणाच्या ताटांचे फोटो एकमेकांना पाठवायचे नाहीत, हे आमचं पहिल्याच बोलण्यात ठरलं. त्याने ओळख वाढते, पण इतिहास हाती लागत नाही. एकच दिवस घ्यायचा आणि दोन्ही वर्गांनी तो आपापल्या बाजूने खणायचा. आमचे दुपारचे दोन म्हणजे हिवाळ्यात त्यांचे सकाळचे साडेनऊ, तेवढी एक वेळ जुळते.

सुरुवात त्या पदकाच्या मानपत्रापासून केली, म्हणजे पराक्रमाच्या अधिकृत नोंदीपासून. एकेक वाक्य आमच्या मुलांनी मराठीत वाचायचं, त्यांच्या मुलांनी इटालियनमध्ये. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि घाडगे सोडून तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही उडवले. एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनेच ठार केलं. मग छातीत आणि पाठीत गोळ्या लागून ते पडले. दोन्हीकडचे वर्ग गप्प होते. मग तिकडच्या एका मुलीने विचारलं, "तुमचा देश तर इंग्रजांच्या ताब्यात होता. मग हे लढले कुणासाठी?"

अरे, हा प्रश्न माझ्या वर्गात आजवर कोणी विचारला नव्हता. चले जाव एका धड्यात, महायुद्ध दुसऱ्या धड्यात. ती एकाच काळातली आणि कदाचित एकाच घरातलीही गोष्ट आहे, हे मुलांच्या ध्यानात आलं ते त्या मुलीमुळे. मुलं घरी जाऊन आजोबांना विचारू लागली: पलटणीत कोण होतं, का गेलं, पगार किती मिळायचा.

आमच्या बाजूनेही त्यांना एक धक्का बसला. घाडगे ज्या पलटणीत होते, ती मराठ्यांची तिसरी पलटण १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनला इटालियन फौजेशीच लढली होती. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने दोस्त राष्ट्रांशी शस्त्रसंधी केली आणि चित्र पालटलं; इटलीतली लढाई आता तिथल्या जर्मन फौजेशी उरली. हजारो इटालियन युद्धकैदी तेव्हा हिंदुस्थानात होते, कांगड्याजवळच्या योलच्या छावणीतही. त्या वर्गातल्या एकाचे पणजोबा तिथेच होते, हे त्याला घरी विचारल्यावर कळलं. आपला माणूस त्यांच्या डोंगरात आणि त्यांचा माणूस आपल्या डोंगरात!

दोन देशांच्या शिक्षकांनी एकत्र बसण्यावर माझा आता पक्का विश्वास बसला आहे. एकमेकांशी इतक्या लढाया केलेल्या फ्रान्स आणि जर्मनीने एकच इतिहासाचं पाठ्यपुस्तक दोन्ही भाषांत काढलं. मागणी २००३ मध्ये तरुणांच्या संसदेने केली, पहिला खंड २००६ मध्ये आला आणि तिसरा २०११ मध्ये. मतभेद झाकून ठेवायची गरज पडत नाही, हे मला त्यातलं सर्वात मोलाचं वाटतं.

आता पुढचं. त्या मशीनगनवरची माणसंही कुठल्यातरी गावची होती, म्हणून एखादी जर्मन शाळा शोधायचा बाईंचा आग्रह आहे, आणि मला तो पटतो. तुझ्याकडे काम आहे ते वेगळं. साताऱ्याजवळचं अपशिंगे तुला जवळ. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले. तुझ्या नववीच्या मुलांनी तिथल्या घरांत बसून आठवणी लिहून घेतल्या, तर आमच्या कामाला पंचवीस-तीस वर्षं आधीचा धागा मिळेल. पत्रं, पदकं, पेन्शनचे कागद, जे निघेल ते.

इटलीतल्या शाळा सप्टेंबरच्या मध्याला उघडतात, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीआधीचे काही आठवडेच आपल्या हाती असतात. तुझ्या मुख्याध्यापकांशी बोलून गणपतीपर्यंत कळव, म्हणजे बाईंना वेळापत्रक पाठवता येईल. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच