आईच्या मोराची चौकट

पुणे, १२ ऑगस्ट

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, मॅटीच्या कापडावर दोऱ्यानं भरलेला मोर संदुकीतून काढलाय, बाजाराच्या दिवशी फ्रेम करायला टाकते. आई, टाकू नकोस. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहिते आहे. बाबा, तुम्ही वाचून दाखवा, तिच्या डोळ्यांना ताण नको.

आजीचं ‘सुस्वागतम्’ आठवतं ना? दुकानदारानं कापड पुठ्ठ्यावर गोंदानं चिकटवलं आणि चार पावसाळ्यांत ‘स्वा’वर चहा सांडल्यासारखा डाग उमटला. सोडवायला गेलो तर कापडच फाटलं. आई तेव्हा काही न बोलता चुलीपाशी जाऊन बसली. ते मला अजून लागून राहिलंय.

मोर आपण घरीच बसवू. गोठ्यात जुन्या घराची सागवानी खिडकी पडून आहे. इतक्या वर्षांत सुकलेला साग आता वाकायचा नाही, आणि त्याच्या गाभ्याला उधळीही सहसा लागत नाही. बाबा, त्यातून इंचभर रुंदीच्या पट्ट्या काढा. मोर १२ बाय १६ इंच धरला तर चार बाजूंचे ५६ इंच, कोपऱ्यांच्या तिरप्या कापांचे आणखी ८. सहा फूट पट्टी पुरते. काचेसाठी खाच पाडणं जमत नसेल तर मागून, आतली कड थोडी सोडून, बारीक पट्टी ठोका. तीच खाच होते. समोरासमोरच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून लांबी ताडून पाहा. केसभर फरक पडला तरी चौथा कोपरा उघडा राहतो. फेविकॉल लावल्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चारी बाजूंनी ताणून गुंडाळा आणि सुतळीनं दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले की कोपरे काटकोनात, चौकट गुण्यात आहे. मग दिवसभर हात लावायचा नाही.

आई, आता तुझं काम. मागच्या बाजूनं लाल दोऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून बघ. रंग उतरला तर धुऊच नकोस. नाही उतरला तर रिठ्याच्या पाण्यात हलक्या हातानं खळबळ, पिळू नकोस, सावलीत वाळव. इस्त्री उलट्या बाजूनं, खाली जाड टॉवेल घालून, म्हणजे टाके चपटे होत नाहीत. माउंट बोर्ड मी आणते. त्याला धुतलेलं मांजरपाट गुंडाळू आणि त्यावर मोर. चारी कडांच्या मध्यावर आधी टाचण्या, मग गोधडीला घालतेस तसे लांब टाके मागून ओढायचे, आधी उभे, मग आडवे, मधून कडांकडे. गोंदाचा थेंबही नाही. पुढं कधी काढावंसं वाटलं तर दोरा कापला की मोर जसाच्या तसा हातात.

काच २ मिलिमीटरची पुरे, पण ती कापडाला टेकता कामा नये, कारण आतून दमट झाली की ओल सरळ दोऱ्यांत उतरते. कडेनं बारीक पट्ट्या घालून फट ठेवू. शिवाय चौकट आता श्रावणात बंद करायची नाही, हवेतली ओल आत कोंडते. दसरा होऊन आभाळ निवळू दे.

आणि टांगायची जागा. सपरीत नको, दुपारनंतर तिथं ऊन येतं आणि रंग विटतात. कूलरसमोर तर मुळीच नको. उन्हाळाभर ओला वारा खाऊन कापडाला बुरशी धरेल. माजघराची आतली भिंत बरी. मागं खालच्या दोन्ही कोपऱ्यांना रबराचे तुकडे लावू, म्हणजे भिंतीपासून हवा खेळती राहील.

मी दिवाळीला येते. काच यवतमाळला उतरून कापून घेईन, मोराचं नेमकं माप तेवढं कळवा. शेतातली डवरणी आटोपली का, तेही कळवा. आई, मोराच्या पायाशी एक टाका सुटलाय. सुईत दोरा मी ओवून देईन, पण तो तुझ्याच हातानं भर.

तुमची,
ताई