बाई, तुम्ही ‘मागणी आहे’ म्हणाला होतात

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

आपल्या वाचनालयाने बाद पुस्तकं विकायला काढली होती, त्यातलं एक परवा माझ्या हाती लागलं. किंमत २० रुपये. अरुंधती रॉय यांची इंग्रजी कादंबरी, ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’. पाठीचा डिंक सुटलाय, मागच्या बाजूला तेलाचा डाग आहे (तो आमच्याच घरचा, शेंगदाण्याच्या चटणीचा). आतली तारखेची चिठ्ठी मात्र शाबूत. तिच्यावर १९ शिक्के आहेत आणि सगळे माझे. माझ्या आधी कुणाचा नाही, नंतरही नाही. त्या ढिगाशी उभ्या उभ्या मला रडू फुटलं. विकणारा पोरगा घाबरून म्हणाला, “ताई, पंधरा द्या.”

२००९ चा मे महिना होता. मी वाड्यातली, तो भीमनगरातला. पुण्यात आम्ही १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली होती. माझा कायमचा पत्ता इकडचा, म्हणून तिची एक प्रत जिल्ह्याच्या कचेरीत आली, फळ्यावर लागली, आणि कुणा नातलगाने ती वाचून थेट अण्णांना फोन केला. मी नेमकी सुट्टीला घरी आलेली. नोटिशीचे ३० दिवस भरायचे होते आणि माझा मोबाईल दादाच्या खिशात होता. घरात काय काय झालं ते इथे सांगत नाही. तुम्ही माझा चेहरा पाहिलाच होता.

त्या दिवशी दादा मला घेऊन आला होता तो सभासदत्व बंद करायला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, दादाकडे पाहिलंत, आणि म्हणालात, “अनामत आज मिळणार नाही, अध्यक्षांची सही लागते.” मग आत जाऊन हे जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलंत, शिक्का मारलात आणि माझ्याशी नाही, दादाशी बोललात, “हे उद्याच परत पाहिजे. मागणी आहे.”

अण्णांचं तुम्हाला ठाऊक होतं का हो? दुसऱ्याची वस्तू ठरल्या वेळेपेक्षा घटकाभरही घरात राहिली तर त्यांना जेवण जायचं नाही. त्यात नावात गॉड. “देवाधर्माचं दिसतंय, वाचू दे,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी दादाने मला पुन्हा तुमच्याकडे आणून सोडलं. तुम्ही पुस्तक ठेवून घेतलंत, चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, “ज्यांना हवं होतं ते आले नाहीत. घेऊन जा. पण उद्या आण हं.” असं १९ वेळा.

दादा टपरीवर चहा प्यायचा. मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉइनबॉक्सवर एक-एक रुपया टाकून ह्याच्याशी बोलायचे. तुम्हाला ते काउंटरवरून स्वच्छ दिसायचं. पण तेव्हा तुम्ही मान खाली घालून रजिस्टर लिहीत असायचात.

आणि मला, खरं सांगते, तुम्ही खडूस वाटायचात. एवढं जाड इंग्रजी पुस्तक एका दिवसात कोण वाचून देणार?

वाचलं मात्र मी ते, रोज वीसेक पानं, शेजारी डिक्शनरी घेऊन. केरळातलं अयमनम, १९६९ साल, सिरियन ख्रिश्चन घरातली नवऱ्याला सोडून आलेली अम्मू आणि अस्पृश्य मानलेल्या परवन जातीतला सुतार वेलुता. त्यांच्या घरच्या कारखान्यातला केळ्याचा जॅम धड जॅम नाही, धड जेली नाही, म्हणून सरकार त्यावर बंदी घालतं. ते वाचून मी त्या दिवसांत पहिल्यांदा हसले. परवनांनी आपली पावलं झाडूने पुसत मागे मागे सरकत जायचं, हे आलं तेव्हा मात्र मी केरळात राहिलेच नाही. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांना कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली छापलेल्या, पण करू न दिलेल्या भाषणात आहे. मला ते ह्यानेच सांगितलं होतं. आमच्या घरी कपाटभर पुस्तकं होती, तेवढं एक नव्हतं.

मधेच अण्णांनी आमच्या कॉलेजातल्या एका सरांना बोलावलं, मला समजवायला. हे सर वर्गात जातिअंतावर तासतासभर बोलायचे. घरी पोहे खाल्ले, लिंबू मागून घेतलं, आणि म्हणाले, “हा शेवटी व्यक्तिगत प्रश्न आहे, चळवळीचा नाही.” त्याच रात्री मी ते पान वाचलं. वेलुता पक्षाचा कार्डधारक, सगळं संपत आलेलं असताना कॉम्रेड पिल्लैंच्या दाराशी जातो, आणि पिल्लै त्याला ऐकवतात की कामगाराच्या खाजगी भानगडीत पक्ष पडणार नाही. लिंबू तेवढं नव्हतं त्यात.

बाई, बोलणारी माणसं मला आयुष्यात पुष्कळ भेटली. कामाला आली ती न बोलणारीच. मी निघाले त्या पहाटेच्या एसटीचा कंडक्टर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, “ताई, खिडकीशी नको, आत सरकून बसा.” त्याने तिकीट फाडलं आणि पुढे गेला. तुम्हीही ह्याची जात सोडा, नावसुद्धा कधी विचारलं नाहीत.

शेवटचं प्रकरण मी आदल्या रात्री संपवलं. त्याच प्रकरणावरून केरळात अश्लीलतेचा खटला भरला गेला होता, हे मला फार नंतर कळलं. मला त्यात दिसली ती दोघं, ज्यांना पुढचं काही मागायची सोय नाही. म्हणून ती रोज निघताना एकमेकांकडे एवढंसंच मागतात. मल्याळममध्ये ‘नाळे’. पुस्तकाचा शेवटचा शब्दही तोच आहे. उद्या. तुम्ही रोज शिक्का मारताना म्हणायचात तो. मुद्दाम होतं का ते, बाई? की हाताला आलं ते पुस्तक दिलंत?

चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का मी घर सोडलं त्या तारखेचा आहे. पुस्तक मी उशीशी ठेवून निघाले होते. आणि परवा ते मला वाचनालयाच्या ढिगात मिळालं, म्हणजे कुणीतरी ते परत आणून दिलंच. आता घरी विचारावं तर अण्णा राहिले नाहीत, आणि दादा म्हणतो, मी नाही.

अण्णा आले होते का, बाई? त्याच दिवशी?

आपली,
अनामत अजून न नेलेली सभासद