शेरे कार्यालयात, फलक दारावर

महोदय,

पतसंस्था बुडाली की अध्यक्षांवर गुन्हा दाखल होतो, त्यांचा फोटो छापून येतो आणि चर्चा तिथंच थांबते. त्या संस्थेची दप्तरं दरवर्षी तपासणाऱ्यांना आणि तपासणीचे कागद फायलीत लावणाऱ्यांना कोणी काही विचारत नाही. म्हणून हे पत्र.

माझी आई विडी कामगार. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर. संध्याकाळी पतसंस्थेसाठी रोजची छोटी बचत गोळा करणारा पिग्मीवाला दारात आला की आई मांडीवरचं सूप बाजूला ठेवायची, तंबाखूचे हात पदराला पुसायची आणि वीस रुपये द्यायची. अशी चौदा वर्षं गेली. पिग्मीची मुदत भरली की तिची ठेव करायची आणि पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात ठेवायची. व्याजासह १ लाख ८० हजार झाले आणि संस्थेचं शटर खाली आलं. दारावर त्या दिवशीही 'ऑडिट वर्ग अ', म्हणजे लेखापरीक्षणातला सर्वांत वरचा दर्जा, असा फलक होता.

पुढे आम्ही ठेवीदारांनी माहितीच्या अधिकारात जुने लेखापरीक्षण अहवाल मिळवले. मी ते ओळ न ओळ वाचले. संचालकांच्या नातेवाइकांना विनातारण कर्ज, एकाच घरात पाच कर्जदार, जुनी थकबाकी नवं कर्ज दाखवून मिटवलेली. सलग तीन वर्षं हे शेरे होते आणि तिसऱ्या वर्षीचे शब्दही पहिल्याच वर्षीचे. चुका कशा सुधारल्या हे सांगणारा दोषदुरुस्ती अहवाल संस्थेने सादर केलेला नाही, हेही दरवेळी नोंदवलेलं. म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या निबंधक कार्यालयाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते माझ्या आईला. ती बिचारी त्या तीनही वर्षांत रोज वीस रुपये भरत राहिली.

हे लहान संस्थांचंच दुखणं आहे असं कोणी समजू नये. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर तर थेट रिझर्व्ह बँकेची नजर होती. तरी तिची सत्तर टक्क्यांहून अधिक कर्जं एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे गेली आणि ती लपवायला २१ हजारांवर बनावट खाती उघडली गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस या कंपनीचं तर २०१८ मध्ये दिवाळं वाजायच्या काही आठवडे आधीपर्यंत पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या क्षमतेला मिळणारा दर्जा, सर्वोच्च होतं. मानांकन देणाऱ्याची फी मानांकन घेणारा भरतो, तिथं दुसरं काय होणार? आपल्या सहकारी संस्थांतही २०१३ च्या कायदेदुरुस्तीपासून लेखापरीक्षक शासनाने मान्य केलेल्या यादीतून (नामतालिकेतून) निवडते ती संस्थेचीच सर्वसाधारण सभा. त्या सभेत प्रत्यक्षात कोणाचं चालतं, हे गावाला माहीत आहे.

आपल्याच शहरातल्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द झाला. पण ती बँक होती, म्हणून पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं कवच होतं. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. किती विडी कामगार बायकांना, यंत्रमागावरच्या किती कामगारांना हा फरक कोणी समजावून सांगितला?

महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८८ खाली संचालकांवर नुकसानीची जबाबदारी निश्चित करता येते, ती जरूर करावी. पण तीन वर्षं शेरे वाचून ज्यांनी पुढची पायरी चढली नाही, त्या अधिकाऱ्यांचीही चौकशी झाली पाहिजे. लेखापरीक्षक निबंधकांनी सोडत काढून नेमावा. आणि लेखापरीक्षणातले गंभीर शेरे संस्थेच्या दारावर, वर्गाच्या फलकाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लावणं सक्तीचं करावं. आमच्या भागात ते तेलुगूतही लावावेत, कारण माझ्या आईसारख्या अनेकींना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.

हे काम पुढच्या मार्चअखेरीवर ढकलू नये. पिग्मीवाले आज संध्याकाळीही आमच्या गल्लीत फिरणार आहेत.

– एका ठेवीदाराचा मुलगा, पूर्व भाग, सोलापूर