प्रयोगशाळेतल्या मामांना, बरणीतल्या तळ्याबद्दल

प्रिय मामा,
सादर नमस्कार.

प्रात्यक्षिकाच्या वहीत पॅरामेशियमची, म्हणजे तळ्यातल्या त्या एकपेशी सूक्ष्म जीवाची, आकृती काढली की गुण मिळतात. पण जिवंत पॅरामेशियम घरच्या बरणीत टिकवायचं कसं, हे तुम्ही शिकवलंत. त्याचे आभार चारचौघांत मानायचे, तर तुमची रीतही इथेच लिहायला हवी.

दोन लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी. तळाशी बोटाच्या पेरभर तळ्यातला गाळ, वर त्याच तळ्याचं पाणी, हायड्रिला या पाणवनस्पतीच्या तीन-चार काड्या, आणि वरची चार बोटं जागा रिकामी. मासा अजिबात नको. गप्पी सोडला की डॅफ्निया आणि सायक्लॉप्स हे पाण्यातले इवले कवचधारी जीव संपलेच. तोंडाला मलमलीचं फडकं बांधायचं, नाहीतर डासांची पैदास घरातच. बरणीला उजेड हवा, ऊन नको. पाणी आटेल तेवढंच घालायचं: पावसाचं, नाहीतर २४ तास उघडं ठेवून क्लोरीन उडालेलं नळाचं. तांब्याच्या कळशीतलं कधीच नाही, हायड्रा या तळ्यातल्या इवल्या प्राण्याला तांबं सोसत नाही. हे कुठल्याच प्रात्यक्षिकात कुणी सांगितलं नव्हतं.

बरण्या सडतात त्या मात्र लाडामुळे. उकडलेल्या गव्हाचे दोन दाणे पुरे: दाणा कुजतो, जिवाणू वाढतात, त्यांच्यावर पॅरामेशियम पोसतं. चिमूटभर जास्त पडले तर तेच जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. पाणी दुधाळ होतं, वर साय धरते, वास सुटतो. अशा वेळी दाणे काढून तिसरा हिस्सा पाणी बदलायचं आणि गप्प बसायचं. सगळं पाणी ओतून दिलं, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ड्रॉपरचं रबर पाण्याबाहेरच दाबायचं, मग टोक गाळाशी नेऊन सोडायचं; आत दाबलं तर बुडबुड्यांनी गाळ ढवळतो. हायड्रिलाची काडी स्लाइडवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचपट्टीवर, पिळली, तर नुसत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त जीव मिळतात. आणि तुमची सर्वांत सुंदर युक्ती: कोरी स्लाइड दोऱ्यानं बरणीत आठवडाभर टांगून ठेवायची. व्हॉर्टिसेला, रोटिफर असे सूक्ष्म जीव आपणहून येऊन चिकटतात. एक बाजू पुसायची, दुसरीवर कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काचेचा चौकोन, ठेवायची. डॅफ्निया असेल, तर ती चिरडू नये म्हणून कव्हरस्लिपच्या चारही कोपऱ्यांना व्हॅसलीनचा ठिपका. पॅरामेशियम पळत असेल तर कापसाचे चार तंतू. त्यांत ते अडखळतं.

उरला उजेड. जीव पारदर्शक, त्यामुळे झगझगीत प्रकाशात दिसेनासे होतात. सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर (प्रकाश एकवटणारं खालचं भिंग) खाली, डायफ्राम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) जवळजवळ बंद, की पापण्यांसारखे हलणारे सिलियासुद्धा, म्हणजे अंगावरचे बारीक केस, उठून दिसतात. शोधाशोध १०च्या भिंगानं, म्हणजे डोळ्याकडचं भिंगही १०चं धरून १०० पट. एकदम ४५चं लावणारा रिकाम्या पाण्यातच फिरत राहतो.

पावसाळ्यात नवा गाळ आणू, तेव्हा तुमच्यासाठीही एक बरणी भरतो. गव्हाचे दाणे मात्र तुमच्याच हातानं घाला.

आपली,
बरणीवाली मंडळी